'गिड' आणि बेळगावचा मानसशास्त्राचा वर्ग

निपाणी, खानापूर किंवा बेळगावात बीएला मानसशास्त्र घेतलेली मुलं घरी मराठी बोलतात, वर्गात बहुतेक कन्नड नाहीतर इंग्रजी ऐकतात. प्रॅक्टिकलला समोर बसणारा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, तिन्ही भाषा मिसळून उत्तर देतो. या विषयात भाषा हे मोजमापाचं साधनच असल्यामुळे सीमाभागात तो शिकणं इतर ठिकाणांपेक्षा थोडं अवघड आहे.

भारतात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग पहिल्यांदा १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात निघाला. त्याचा प्रायोगिक अभ्यासक्रम आखणारे ब्रजेंद्रनाथ सील पुढे म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९२४ मध्ये म्हैसूरलाही विभाग उभा राहिला. तो उभारणारे प्रा. गोपालस्वामी लंडनला मानसशास्त्रज्ञ स्पिअरमनकडे शिकलेले. (१९३५ मध्ये म्हैसुरात 'आकाशवाणी' नावाचं रेडिओ केंद्र सुरू केलं तेही यांनीच.) बेळगाव मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १९३३ चं लिंगराज कॉलेजही मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं, १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि २०१० पासून बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे.

या भागासाठी सगळ्यात मोलाचं काम मात्र कुठल्याही विभागाच्या स्थापनेपेक्षा वेगळं आहे. १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-सिमाँ बुद्धिमापन कसोटी मुंबई-कर्नाटकातल्या मुलांसाठी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत बसवली. १९४० मध्ये ते काम पुस्तकरूपात आलं. बिने-कामत कसोटी आजही वापरली जाते. दोन भाषांचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून साधन तयार होणं तेव्हा दुर्मीळ होतं, आजही आहे.

गुणांकन असं: ३ ते १० वर्षांच्या प्रत्येक पायरीवर सहा प्रश्न, बरोबर उत्तराला मानसिक वयाचे दोन महिने. समजा मुलाचं वय ८ वर्षं ४ महिने, म्हणजे १०० महिने. सात वर्षांपर्यंतचं सगळं बरोबर आलं, आठच्या पायरीवर चार प्रश्न, नऊच्या पायरीवर दोन, दहाच्या पायरीवर एकही नाही. मानसिक वय ७ वर्षं अधिक १२ महिने, म्हणजे ९६ महिने. ९६ भागिले १०० गुणिले १००, बुद्ध्यांक ९६. हमखास होणारी चूक म्हणजे दोन-तीन प्रश्न चुकताच थांबणं. पूर्ण पायरी रिकामी जाईपर्यंत पुढे जायलाच हवं. दुसरी चूक, छापील मराठी सूचना बाजूला ठेवून प्रयोगकर्त्याने स्वतःच्या शब्दांत भाषांतर करणं. मग प्रश्नाची काठिण्यपातळीच बदलते. शिवाय मानकं, म्हणजे ज्यांच्याशी गुण ताडून पाहायचे ते सरासरी आकडे, जुनी झाली की गुण फुगतात, म्हणून असा आकडा एकट्याने निर्णयासाठी वापरू नये.

प्रॅक्टिकलमध्ये म्युलर-लायर भ्रम (टोकांच्या बाणांमुळे सारख्याच रेघा लहान-मोठ्या वाटणं) सोपा वाटतो. रेघ लांब करत दहा वेळा आणि आखूड करत दहा वेळा जुळवून घ्यायची. एकाच दिशेने सरकवली तर हाताच्या सवयीची चूक भ्रमातच मोजली जाते. स्मरणाच्या प्रयोगात अडचण वेगळी. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ च्या पुस्तकात मांडलेल्या प्रयोगांत निरर्थक अक्षरगट वापरले ते अर्थाची मदत मिळू नये म्हणून. आता मराठी यादीत 'गिड' घातलं तर कोल्हापूरच्या मुलाला ते निरर्थकच वाटेल, पण बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीच्या, कन्नड येणाऱ्या मुलाला गिड म्हणजे झाड. तो शब्द तो पहिल्याच फेरीत पाठ करतो आणि आलेखाला नको तिथे उंची येते. यादी आधी कन्नड येणाऱ्या दोघा-तिघांना वाचून दाखवायची आणि कुणाला अर्थ लागेल ते शब्द काढून टाकायचे.

अभ्यासक्रमाची रचनाही नुकतीच दोनदा हलली. २०२१-२२ पासून चार वर्षांची पदवी आली आणि २०२४-२५ पासून कर्नाटकाने पुन्हा तीन वर्षांची केली. मागच्या बॅचच्या नोट्स घेताना त्या कोणत्या आराखड्यातल्या आहेत ते पाहूनच घ्याव्यात. नुसत्या बीएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही; १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते.

जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, प्रयुक्ताचं वय, लिंग आणि शिक्षण सगळेच लिहितात. सूचना कोणत्या भाषेत दिली आणि प्रयुक्त घरी कोणती भाषा बोलतो, या दोन ओळी इथल्या मुलांनी त्याच रकान्याखाली लिहाव्यात.