पक्ष फुटायच्या आधी रिट्वीट फुटतात

सांगलीत २०२४ च्या लोकसभेला काय झालं ते आपण बघितलंच, जागा आघाडीत उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखभर मतांनी निवडून पण आले. कागदावर आघाडी शेवटपर्यंत एकच होती. मग पक्ष आतून एक आहे का नाही हे बाहेरच्याने ओळखायचं कसं?

जुना उपाय म्हणजे सभागृहातली मतं मोजायची. स्टुअर्ट राईस या अमेरिकन अभ्यासकाने १९२० च्या दशकात त्याचं सोपं गणित मांडलं. पक्षाचे ५० जण, ४० ‘हो’ म्हणाले, १० ‘नाही’, फरक ३०, भागिले ५०, उत्तर ०.६. सगळे एका बाजूला असतील तर १, निम्मे निम्मे असतील तर शून्य. आपल्याकडे मात्र हे गणित फारसं कामाचं नाही, १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हीप (कसं मत द्यायचं याचा पक्षादेश) मोडला की आमदारकीवर गदा, त्यामुळे पोटात काहीही असलं तरी आकडा १ च्या आसपासच येणार.

सोशल मीडियावर कुणाचा व्हीप चालत नाही. म्हणून अभ्यासक तिकडे वळले. प्रत्येक नेता एक ठिपका, एकाने दुसऱ्याची पोस्ट शेअर केली की दोघांमध्ये रेघ, आणि रेघांची गर्दी जिथे जास्त तिथे गट. २०१० च्या अमेरिकेतल्या निवडणुकीआधीची अडीच लाख ट्वीट अशी तपासली तर रिट्वीटमध्ये डावे-उजवे सरळ वेगळे पडले, पण मेन्शनमध्ये सगळी सरमिसळ. साहजिक आहे, भांडायला पण नाव घ्यावंच लागतं की! पक्षाच्या आत बघताना पण हेच धरायचं. वाढदिवसाला ‘आमचे मार्गदर्शक’ म्हणून टॅग सगळेच करतात, पण साहेबांच्या मेळाव्याची पोस्ट दादांची पोरं शेअर करतात का, ते बघा.

रेघांवरून फूट आधी कळू शकते का? वेन झॅकरी या अभ्यासकाने एका कराटे क्लबातल्या ३४ जणांपैकी क्लबाबाहेर कोण कोणाशी संबंध ठेवतं ते टिपून ठेवलं होतं, क्लब फुटला तेव्हा कोण कुठे जाणार हे एक सोडून सगळ्यांचं बरोबर निघालं (१९७७ चा पेपर). चुकलेला गडी तीन आठवड्यांवर आलेल्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेसाठी आपल्या सरांसोबत राहिला होता. आपल्याकडे तिकिटासाठी थांबलेले असे किती असतील बघा.

घोटाळा आयटी सेलचा आहे. एकच मजकूर, एकच हॅशटॅग, पाच मिनिटांत दोनशे अकाउंटवर, म्हणजे एकी नाही, कॉपी-पेस्ट. म्हणून वेळ आणि शब्दन्‌शब्द जुळणाऱ्या पोस्ट आधी बाजूला काढाव्या लागतात. आणि खरी खलबतं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतात, तिथले मेसेज एन्क्रिप्टेड, ग्रुपमधल्या कुणी स्क्रीनशॉट बाहेर दिला तरच अभ्यासकाच्या हाताला लागतात.