चंद्राचे ‘त्वरण’: एका नावामागचा घोळ

गोदेला पाणी किती चढले हे नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून ओळखतात, आणि ते चढते गंगापूर धरणाच्या विसर्गाने. चंद्राचा त्यात हात नसतो. भरती-ओहोटीशी आपला संबंध नसला तरी ग्रहणाशी आहे. 7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणाचा स्पर्श रात्री 9.57 ला आणि मोक्ष उत्तररात्री 1.27 च्या सुमारास होता. रामकुंडावर मोक्षाच्या स्नानासाठी थांबणाऱ्याला ही वेळ आधीच मिनिटापर्यंत ठाऊक असते. चंद्राच्या कक्षेचा वाद अशा मिनिटांवरूनच सुरू झाला.

सतराव्या शतकाच्या अखेरीस प्राचीन ग्रहणांच्या नोंदी ताडून पाहताना चंद्र पूर्वीपेक्षा जलद चालत असल्याचे दिसले. या फरकाला ‘दीर्घकालीन त्वरण’ म्हटले गेले, आणि पुढचा बराचसा घोळ या नावानेच घातला. 1787 मध्ये फ्रान्समधून खुलासा आला: पृथ्वीची कक्षा हळूहळू वर्तुळाकार होत असल्याने सूर्याचा चंद्रावरील प्रभाव किंचित सैल पडतो आणि चंद्राची गती वाढते. आकडा नोंदींशी जुळला आणि प्रश्न मिटला असे मानले गेले.

1853 मध्ये एका इंग्रज गणितज्ञाने तेच गणित पुढच्या पदांपर्यंत नेले, तेव्हा त्या कारणाने जेमतेम निम्मेच त्वरण मिळते असे निघाले. पॅरिसमधून कडाडून विरोध झाला. जुना आकडा ग्रहणांशी जुळतो, तेव्हा नवे गणितच चुकले असले पाहिजे, असा त्यातला मुख्य सूर होता. निरीक्षणाच्या जोरावर बेरीज खोटी ठरवण्याचा हा प्रकार आज विचित्र वाटतो, पण तेव्हा उरलेल्या निम्म्याचा धनी कोणालाच सापडत नव्हता. स्वतंत्रपणे केलेल्या गणितांनी अखेर नव्या आकड्यालाच दुजोरा दिला.

तो धनी 1865 च्या सुमारास पुढे आला, तो म्हणजे भरतीचे घर्षण. पृथ्वी स्वतःभोवती वेगाने फिरत असल्याने भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो. तो चंद्राला पुढे खेचतो, चंद्राला ऊर्जा मिळते, कक्षा मोठी होते आणि मोठ्या कक्षेत तो सावकाश चालू लागतो. म्हणजे भरतीमुळे चंद्र प्रत्यक्षात मंदावतो. पण पृथ्वीचे फिरणे हेच आपले घड्याळ असल्याने आणि तेही मागे पडत असल्याने तो जलद झाल्यासारखा दिसतो. पंचवटी एक्सप्रेस रोज थोडी उशिरा सुटत असली, तरी आपले घड्याळ त्याहून अधिक मागे पडत असेल तर गाडी लवकर सुटल्यासारखीच वाटेल.

हे मागे पडणे क्षुल्लक नाही. इ.स.पू. 136 मध्ये बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद आहे. दिवसाची लांबी तेव्हापासून आजच्याइतकीच राहिली असती, तर ते सुमारे 49 अंश पश्चिमेला, स्पेनच्या बाजूला दिसायला हवे होते.

1969 पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण टाकून अंतर मोजले जाते. ते वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटरने वाढते आहे. घर्षण आजच्याइतकेच धरून, आणि चंद्र जवळ असताना अधिक वेगाने दूर जात होता हे लक्षात घेऊन मागे गेले तर तो दीड अब्ज वर्षांपूर्वीच पृथ्वीला टेकलेला निघतो, मात्र त्याचे वय साडेचार अब्ज वर्षांच्या घरात आहे. आजच्या महासागरांच्या आकारामुळे घर्षण नेहमीपेक्षा जास्त आहे, हे त्याचे मुख्य उत्तर. शनीचा टायटन तर वर्षाला सुमारे 11 सेंटिमीटर दूर जात असल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले, आणि तो आकडा अपेक्षेच्या कितीतरी पट होता.

मंगळाच्या फोबोसची गोष्ट उलट आहे. तो 7 तास 39 मिनिटांत प्रदक्षिणा घालतो, मंगळाला मात्र स्वतःभोवती फिरायला साडेचोवीस तासांहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे फुगवटा मागे राहतो, फोबोसला मागे ओढतो आणि तो दरवर्षी सुमारे 1.8 सेंटिमीटर खाली येतो. कक्षा आखडत गेल्याने त्याची गती मात्र वाढते. 1945 मध्ये त्याच्या बाबतीत हेच दिसून आले, आणि तेथे ‘त्वरण’ हा शब्द शब्दशः खरा आहे.