व्हॉइस असिस्टंट आणि जुने स्मार्टफोन

व्हॉइस असिस्टंट म्हणजे माणसाने तोंडी दिलेली सूचना ऐकून, तिचा अर्थ लावून फोनवरचे काम उरकणारी प्रणाली. गजर लावणे, कोणाला तरी फोन जोडून देणे, आलेला मेसेज वाचून दाखवणे, रस्ता सांगणे ही तिची रोजची कामे. अॅपलची सिरी, गूगल असिस्टंट आणि तिची जागा घेत असलेले जेमिनी, सॅमसंगचे बिक्सबी, अॅमेझॉनची अलेक्सा हे यातले मुख्य स्पर्धक. मायक्रोसॉफ्टची कोर्टाना आणि सॅमसंगचे एस व्हॉइस हे दोघे या स्पर्धेतून बाहेर पडले. प्रत्येक कंपनी आपली सोय काही फोनना देते आणि काहींना नाकारते. नकारामागे कधी खरी तांत्रिक अडचण असते, तर कधी निव्वळ नवा फोन विकण्याचा हिशेब. जुना फोन वर्षानुवर्षे वापरणाऱ्या घरांना या दोन कारणांतला फरक कळला पाहिजे, म्हणून ही नोंद बरीचशी त्या फरकाविषयी आहे.

कामाची रीत

बोललेले वाक्य तीन टप्प्यांतून जाते. पहिला टप्पा हाक ओळखण्याचा. ‘हे सिरी’ किंवा ‘ओके गूगल’ हे शब्द कानावर पडेपर्यंत फोनने सतत ऐकत राहायचे, तेही बॅटरी न संपवता. मुख्य प्रोसेसर त्यासाठी दिवसभर जागा ठेवणे परवडत नाही, म्हणून अगदी कमी विजेवर चालणारा वेगळा छोटा प्रोसेसर लागतो. ही अडचण खरी आहे. २०१४ मध्ये आयफोनच्या आयओएस ८ या प्रणालीसोबत ‘हे सिरी’ आले तेव्हा ते फोन चार्जिंगला लावलेला असतानाच चाले. २०१५ च्या आयफोन ६एसमध्ये हे काम एम९ या सहप्रोसेसरकडे गेले आणि मगच फोन खिशातून काढून कुठेही हाक मारता येऊ लागली.

दुसरा टप्पा आवाजाचे अक्षरांत रूपांतर करण्याचा आणि तिसरा त्या अक्षरांचा अर्थ लावून कृती करण्याचा. पहिली अनेक वर्षे हे दोन्ही टप्पे सहसा फोनमध्ये होत नसत. फोन आवाज मुद्रित करी, तो आकाराने लहान करून इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवी आणि तिकडून आलेले उत्तर दाखवी. म्हणजे फोनकडून अपेक्षा होती ती बऱ्यापैकी माइकची आणि चालू नेटवर्कची. हे ध्यानात ठेवले की पुढचा इतिहास वेगळ्या नजरेने वाचता येतो.

कोणाला दिले, कोणाला नाकारले

सिरीचा जन्म अॅपलमध्ये झालेला नाही. कॅलिफोर्नियातील एसआरआय इंटरनॅशनल या संशोधन संस्थेत, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेल्या एका प्रकल्पातून ती निघाली. फेब्रुवारी २०१० मध्ये ती साधे अॅप म्हणून आली आणि तेव्हाच्या आयफोन ३जीएसवर चालत होती. एप्रिल २०१० मध्ये अॅपलने ती कंपनी विकत घेतली. ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एस आला, सिरी त्याचे खास आकर्षण ठरली आणि जुने अॅप मागे घेण्यात आले. आयओएस ५ ही नवी प्रणाली ३जीएस आणि आयफोन ४ या दोघांनाही मिळाली, पण सिरीशिवाय. जी गोष्ट काल याच फोनवर चालत होती, ती आज त्यांना झेपणार नाही असे ठरले.

पुढच्याच महिन्यात अॅप्लिडियम या फ्रेंच कंपनीने सिरी आणि तिच्या सर्व्हरमधली देवाणघेवाण उलगडून दाखवली. कोणतेही यंत्र त्या सर्व्हरशी बोलू शकत होते. अट एवढीच की सोबत खऱ्या ४एसचा ओळखक्रमांक हवा. सर्व्हरवर एकदम भार येऊ नये, गोंगाटात आवाज नीट टिपला जावा, ही कारणेही कंपनीकडे असू शकतात आणि ती टाकाऊ नाहीत. पण ‘जुन्या फोनला जमत नाही’ हे सरसकट विधान मात्र त्या दिवशी टिकले नाही.

असाच प्रकार पुन्हा पुन्हा झाला. मे २०१२ मध्ये गॅलक्सी एस ३ सोबत एस व्हॉइस आले. त्याची फाइल आधीच बाहेर फुटली, इतर अँड्रॉइड फोनवर ती चालूही लागली आणि मग ती वाट बंद करण्यात आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये फोनमधली गूगल असिस्टंट फक्त गूगलच्या नव्या पिक्सेल फोनपुरती होती. हौशी लोकांनी आपल्या नेक्सस (गूगलच्याच आधीच्या) फोनमधल्या ‘बिल्ड डॉट प्रॉप’ या फाइलीत दोन ओळी बदलून फोनचे नाव पिक्सेल केले आणि असिस्टंट बोलू लागली. यंत्र तेच होते, बदलले होते फक्त नाव. अखेर फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइड ६ आणि ७ साठी आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अँड्रॉइड ५ साठीही ती खुली केली. अट होती अँड्रॉइड ५ वर १ जीबी आणि त्यापुढे दीड जीबी मेमरीची (म्हणजे रॅमची). ज्यांना वर्षभर ‘तुमचा फोन पात्र नाही’ असे दिसत होते, त्यांतले कितीतरी फोन पात्रच होते.

उलट उदाहरणही द्यायला हवे. मायक्रोसॉफ्टची कोर्टाना २०१४ मध्ये विंडोज फोन ८.१ बरोबर आली आणि ५१२ एमबी मेमरीच्या लुमिया ५२० सारख्या स्वस्त फोनवरही चालत होती. भारतात हा फोन भरपूर खपला होता. मनात आणले तर साध्या फोनलाही हे देता येते, याचा याहून स्वच्छ दाखला सापडत नाही. कोर्टाना पुढे मागे पडली ती वेगळ्या कारणाने: विंडोज फोनच बाजारातून गेला. अँड्रॉइड आणि आयफोनवरची कोर्टाना मार्च २०२१ अखेर बंद झाली. एस व्हॉइस त्याआधीच, १ जून २०२० रोजी थांबले. इथे जुन्या फोनचे आणखी एक दुखणे कळते. फोन धडधाकट असतो, बटण जागेवर असते, पण पलीकडे ऐकणारा सर्व्हर बंद केलेला असतो. त्यावर कोणताही कारागीर काही करू शकत नाही.

अडचण खरी कधी झाली

साधारण २०१९ पासून चित्र पालटले. आवाज ओळखण्याचे काम फोनच्या आतच करण्याकडे कंपन्या वळल्या. उत्तर लवकर मिळते, नेटवर्क नसले तरी काम होते आणि घरातले बोलणे बाहेर जात नाही, हे त्याचे फायदे. त्या वर्षी गूगलने सांगितले की आधी सर्व्हरवर १०० जीबी जागा घेणारी प्रतिरूपे (मॉडेल, म्हणजे आवाज आणि भाषा ओळखायला शिकवलेले प्रोग्रॅम) आता अर्ध्या जीबीच्या आत बसवली आहेत. पण अर्धा जीबी सतत हाताशी ठेवणे आणि त्यावर भराभर गणित करणे हे २ जीबी मेमरीच्या फोनला खरोखरच जड जाते. २०२१ च्या आयओएस १५ मध्ये सिरीचे बोलणे फोनमध्येच ओळखण्याची सोय आली, ती अॅपलच्या ए१२ किंवा त्यापुढच्या चिपच्या फोनसाठी. २०२४ मध्ये आलेले अॅपल इंटेलिजन्स (अॅपलच्या एआय सोयींचा संच) आयफोन १५ प्रोला मिळाले, साध्या १५ ला नाही. ८ जीबी आणि ६ जीबी मेमरी हा दोघांमधला एक ठळक फरक.

तरीही इथेसुद्धा ‘हार्डवेअरची मर्यादा’ हे शब्द डोळे मिटून स्वीकारू नयेत. मार्च २०२४ मध्ये गूगलने जेमिनी नॅनो हे फोनमध्ये चालणारे प्रतिरूप साध्या पिक्सेल ८ ला मिळणार नाही असे म्हटले, कारण हार्डवेअरचे दिले आणि त्याच महिन्यात निर्णय फिरवला. त्या दोन विधानांच्या मधल्या काळात फोनची मेमरी वाढलेली नव्हती.

पुण्यातील स्थिती

पुण्यात फोन एका हातात संपत नाही. हिंजवडी किंवा खराडीत नोकरी करणारा मुलगा नवा फोन घेतो, जुना सदाशिव पेठेतल्या किंवा सिंहगड रोडवरच्या आईवडिलांकडे येतो आणि तिथून घरकामाच्या मावशींकडे किंवा गावाकडच्या नातेवाइकाकडे जातो. बोलून काम करून घेण्याची गरज सगळ्यात जास्त याच साखळीच्या शेवटच्या टोकाला असते. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर न दिसणारे आजोबा, बोटे थरथरणाऱ्या आजी, मराठी बोलता येते पण टाइप करण्याची सवय नाही अशा बाई, या सगळ्यांच्या हातात सर्वांत जुना फोन असतो. ज्यांच्यासाठी ही सोय खऱ्या अर्थाने आधार आहे त्यांनाच ती आधी बंद होते. या नोंदीच्या लेखकाला ही या क्षेत्रातली सर्वांत अन्यायाची बाब वाटते.

दुरुस्तीसाठी शहरात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर लोकांच्या ओळखीचा. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही जुनी यंत्रे हिंडतात. असिस्टंट ‘ऐकत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा सॉफ्टवेअरमध्ये नसतेच. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मुख्य माइक खाली, चार्जिंगच्या पट्टीवरच बसवलेला असतो. चार्जिंगची पिन खराब झाली म्हणून पट्टी बदलली आणि नवी पट्टी हलक्या दर्जाची निघाली, तर फोनवर बोलणे कसेबसे चालते, पण असिस्टंटला शब्द लागत नाहीत. माइकच्या छिद्रात धूळ बसली किंवा कव्हरने ते झाकले गेले तरी तेच होते. बॅटरी वाचवण्यासाठी कंपनीने बसवलेली व्यवस्था पार्श्वभूमीत ऐकणारे अॅप बंद करून टाकते, हे तिसरे कारण. म्हणून फोन कालबाह्य ठरवण्याआधी आवाज मुद्रित करून ऐकून पाहावा. मुद्रण स्वच्छ असेल तर दोष दुसरीकडे आहे.

स्थळनामांचा प्रश्न पुण्यात विशेष जाणवतो. इथे पत्ता रस्त्याच्या नावापेक्षा चौकावरून आणि देवळावरून सांगतात: खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, नळ स्टॉप, अप्पा बळवंत चौक. अशी नावे प्रशिक्षणाच्या आवाजसंग्रहात क्वचितच येतात आणि त्यांच्या जागी आवाजाने जवळचे नेहमीचे शब्द धरले जाण्याचा धोका असतो. नेटवर्क असताना सर्व्हरकडचे मोठे प्रतिरूप नकाशाचा आधार घेऊन नाव सुधारू शकते. नेटवर्क नसताना जुन्या फोनवर उतरवलेल्या छोट्या भाषासंचाला तेवढा आवाका नसतो.

मराठीचा आधार

मराठी बोलणाऱ्यासाठी स्पर्धकांमधला फरक चिपपेक्षा भाषेत जास्त आहे. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टाइप करण्याच्या भाषांत मराठी घेतली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये असिस्टंट मराठीत आणली. जून २०२४ मध्ये जेमिनीचे अॅप भारतात आले तेव्हा त्याच्या नऊ भारतीय भाषांत मराठी होती. अलेक्सा २०१७ मध्ये भारतात आली आणि २०१९ मध्ये हिंदी शिकली. सिरीने २०२४ च्या आयओएस १८ मध्ये भारतीय इंग्रजीत मराठीसह इतर भारतीय भाषा मिसळून बोलण्याची मुभा दिली. ती उपयोगी आहे, पण संपूर्ण मराठीत संवाद करण्याइतकी नाही. त्यामुळे मराठीत बोलणाऱ्या माणसाला जुना अँड्रॉइड फोन काही बाबतींत नव्या आयफोनपेक्षा अधिक कामाचा ठरतो.

डिसेंबर २०१७ मध्ये जिओफोन या बटणांच्या फोनवर गूगल असिस्टंट आली, पण इंग्रजी आणि हिंदीत. टचस्क्रीन नसलेल्या स्वस्त फोनलाही हे जमते हे त्यातून दिसले. मराठी बाहेर राहिली ती भाषेच्या प्राधान्यामुळे.

भाषेच्या या बाजूला पुण्याचे योगदान मोठे आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे आणि तिच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे पायाभूत काम केले. अलीकडे एल३क्यूब पुणे या गटाने मराठीसाठी भाषाप्रतिरूपे आणि मजकूरसंग्रह मोफत खुले केले. त्यांच्या २०२२ च्या महाकॉर्पस या मजकूरसंग्रहात सुमारे २.४८ कोटी वाक्ये आहेत. हे काम लिखित मराठीचे आहे, पण ऐकलेल्या वाक्याचा अर्थ लावण्याच्या टप्प्याला त्याचाच आधार लागतो. केंद्र सरकारचा भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानासाठीचा भाषिणी उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात कोणीही मराठी वाक्ये वाचून आपला आवाज देऊ शकतो. कोल्हापूर, नागपूर, पुणे इथल्या बोलण्याचे ढंग त्यात जितके येतील तितकी लहान प्रतिरूपेही सुधारतील आणि लहान प्रतिरूप म्हणजेच जुन्या फोनवर बसणारे प्रतिरूप.

सध्याची मर्यादारेषा

जेमिनी अॅपसाठी अँड्रॉइड १० आणि २ जीबी मेमरी लागते. मार्च २०२५ मध्ये गूगलने फोनवरची असिस्टंट बंद करून तिच्या जागी जेमिनी आणण्याचे जाहीर केले. या अटीत न बसणाऱ्या फोनवर जुनी असिस्टंट चालू राहील असेही सांगितले. त्याखाली आणखी एक रेषा आहे, ती गूगल प्ले सेवांची, म्हणजे अॅपना पार्श्वभूमीत आधार देणाऱ्या सॉफ्टवेअरची. अँड्रॉइड ४.४ साठी या सेवांना मिळणारे अपडेट ऑगस्ट २०२३ मध्ये थांबले, त्यामुळे त्या फोनवर असिस्टंटच काय, इतर अॅपही हळूहळू निकामी होतात.

असिस्टंट मिळत नसेल तरी गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवरचे माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलता येते. व्हॉट्सअॅपचा मेसेज किंवा गूगलचा शोध त्याने लिहून होतो. टॉकबॅक ही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय कितीतरी जुन्या अँड्रॉइड फोनमध्येही असते. ज्यांना फोनचे सॉफ्टवेअर-कुलूप उघडून प्रणाली बदलणे जमते ते लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारित मोफत प्रणाली घालून काही फोन अँड्रॉइड १० च्या पुढे नेतात. मात्र त्यात बँकेची अॅप चालेनाशी होऊ शकतात, म्हणून ज्येष्ठांच्या एकमेव फोनवर हा प्रयोग करू नये. नवा फोन घेताना अपडेटची मुदत पाहावी. पिक्सेल ८ आणि गॅलक्सी एस २४ यांना सात वर्षांची हमी आहे. कमी किमतीच्या फोनना ती सहसा बरीच कमी असते आणि आजीकडे शेवटी जाणार तो बहुधा त्यांतलाच एखादा.