रिंगखाली गर्दी झाली की शॉट कुणी घ्यायचा?

बास्केटबॉलच्या सिम्युलेशन गेममध्ये आपण प्रशिक्षक असतो. शॉट कुणी, कुठून आणि किती वेळा घ्यायचे, एवढंच आपल्या हातात. समोरच्या संघाने बचाव मागे ओढून रिंगखाली गर्दी केली, की बरेच जण सगळ्याच खेळाडूंचे तीन गुणांचे शॉट सरसकट वाढवतात. मग हरले की गेमला शिव्या.

गणित साधं आहे. समजा, रिंगजवळचे दोन गुणांचे ६० टक्के शॉट पडतात, म्हणजे शॉटमागे १.२ गुण. गर्दीमुळे ते ४८ टक्क्यांवर आले तर ०.९६. तेवढेच गुण तीन गुणांच्या रेषेबाहेरून मिळवायला ३२ टक्के पुरतात. मधल्या अंतरावरून (तिथेही दोनच गुण) मात्र ४० टक्के नेम साधला तरी हाती ०.८ गुणच. मागे सरकलेला बचाव हा मधला पट्टाही मोकळा सोडतो. त्या मोहात न पडलेलं बरं.

खरी मेख अशी, की हुशार बचाव सगळ्यांना मोकळं सोडत नाही. ज्याचा नेम कच्चा, त्यालाच सोडतो. २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकी लीगच्या प्लेऑफमधल्या (बाद फेरीतल्या) मालिकेत मेम्फिस गोल्डन स्टेटविरुद्ध २-१ ने पुढे होतं. चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी आपला सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) अँड्र्यू बोगट याला मेम्फिसच्या टोनी अ‍ॅलनवर लावलं, तेही नावापुरतंच. अ‍ॅलन बचावात पट्टीचा, लांबून मात्र कच्चा. बोगट रिंगखालीच थांबला आणि गॅसोल-रँडॉल्फ या मेम्फिसच्या धिप्पाड जोडीची आतली वाट अडली. गोल्डन स्टेटने मालिका ४-२ ने जिंकली.

गेममध्ये असा खेळाडू आपल्याकडे असेल तर त्याचे बाहेरचे शॉट कमी करावेत आणि त्याला स्क्रीन लावायला (बचावपटूची वाट अडवायला) किंवा बेसलाइनवरून (रिंगमागच्या सीमारेषेजवळून) आत घुसायला पाठवावं. वाढवायचे ते चांगल्या नेमबाजाचे शॉट, पण तेही बेतानेच. ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने २०१० मध्ये बास्केटबॉलच्या आक्रमणाची तुलना रस्त्यांच्या जाळ्याशी केली होती. सगळी वाहनं सर्वांत चांगल्या रस्त्यावर आली की तोच तुंबतो. म्हणून खेळाडूची सरासरी पाहून भागत नाही. त्याला आणखी एक शॉट दिला तर किती गुण मिळतील, हा खरा प्रश्न. बचाव त्याच्या अंगावर धावून येऊ लागला की चेंडू पुन्हा आत द्यायचा.

रिबाउंडचाही हिशेब धरायला हवा. पाच जण रिंगखाली उभे असताना हुकलेला चेंडू बहुधा त्यांच्याच हाती जातो, आपल्याला दुसरी संधी क्वचितच मिळते.

एका सामन्यावरून डावपेच बदलू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ३६ टक्के नेमाने तीन गुणांचे ३० शॉट घेतले तर त्यातले आठही पडू शकतात आणि तेराही. फरक थेट १५ गुणांचा. २०१८ च्या एनबीएमधल्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टनचे तीन गुणांचे सलग २७ शॉट हुकले होते. एकूण ४४ पैकी पडले ते फक्त सात.