ट्रॅक्टरने एअर घेणे

डिझेल लाईनमध्ये किंवा हायड्रॉलिकच्या तेलात हवा शिरली आणि त्यामुळे इंजिन बंद पडायला लागलं, मिसिंग मारायला लागलं, लोड घेईना किंवा लिफ्ट (अवजार वर-खाली करणारी हायड्रॉलिक यंत्रणा) उचलेना, की त्याला गॅरेजच्या भाषेत "एअर घेतली" किंवा "हवा धरली" म्हणतात. छोट्या ट्रॅक्टरच्या आणि डोझरच्या निम्म्याहून जास्त कटकटी मला तरी इथेच येऊन थांबलेल्या दिसल्यात, आणि तरी पहिला संशय जातो पंपावर, पंप खोलला जातो, हजारो रुपये जातात आणि दोष असतो पाच-पन्नास रुपयांच्या वॉशरमध्ये नाहीतर पाईपमध्ये.

कारण साधं आहे. डिझेल दाबलं तरी फारसं आकसत नाही, हवा आकसते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) साधारण २०० बार दाबाच्या आसपास उघडतं, पण पाईपात बुडबुडा असला की पंपातल्या प्लंजरचा (दट्ट्याचा) सगळा स्ट्रोक तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो आणि नोझल उघडतच नाही. म्हणून स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे बघायचं. पांढरट धूर येतोय म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, भानगड दुसरी आहे (बॅटरी कमी, कॉम्प्रेशन, टायमिंग). धूर अजिबात नाही म्हणजे डिझेलच येत नाही, आणि तेव्हा आधी बंद करायचा नॉब पूर्ण आत गेलाय का ते बघायचं, कारण त्याची केबल अडकून दिवसभर डोकं धरून बसलेली माणसं असतात.

आता मुख्य गोष्ट. डिझेल लाईनचे दोन भाग असतात, टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ओढीचा आणि तिथून पुढचा दाबाचा. दाबाच्या भागात फट असेल तर डिझेल बाहेर गळतं, त्यावर धूळ चिकटून काळा डाग पडतो, लांबूनही दिसतो. ओढीच्या भागात फट असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येतच नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. त्यामुळे "कुठंच गळत नाही, मग पंपच गेला" हा निष्कर्ष काढला जातो. याची एक चांगली खूण म्हणजे टाकी भरलेली असताना ट्रॅक्टर नीट चालतो आणि टाकी निम्म्याच्या खाली गेली की नखरे सुरू होतात, कारण वरून डिझेलचा दाब कमी झाला की पंपाला जास्त ओढावं लागतं. अशा वेळी बघायच्या जागा ठरलेल्या: रबरी पाईपाला क्लिपजवळ पडलेल्या बारीक चिरा, वॉटर सेपरेटरच्या वाटीचं रबर, बॅन्जो बोल्टचे (पाईप जोडायचा पोकळ बोल्ट) कॉपर वॉशर. कॉपर वॉशर एकदा आवळला की कडक होतो, तोच परत लावायचा असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचा, मऊ पडतो, पण नवीन मिळत असेल तर नवीनच घाला.

यातलाच एक प्रकार हवा न घेता तशीच लक्षणं दाखवतो. आमचा द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर ब्लोअर घेऊन वीस मिनिटं छान चालायचा आणि मग गुदमरल्यासारखा होऊन बंद, दहा मिनिटं थांबलं की परत चालू. फिल्टर बदलले, एअर काढली, पंपवाल्याने पंप काढून आणा म्हणून सांगितलं. शेवटी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण फिरवलं तर सुस्स करून हवा आत गेली. झाकणाला खालून बघितलं तर टाचणीएवढं भोक फवारणीच्या पावडरीने आणि मातीने लिंपून गेलेलं, टाकीत व्हॅक्यूम होऊन डिझेल अडकत होतं. सायकलच्या स्पोकने भोक मोकळं केलं, काम झालं.

एअर काढायची रीत टाकीकडून नोझलकडे अशी जाते. आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) दोन आटे ढिला करायचा, हाताचा प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा छोटा हातपंप) मारत राहायचा, सुरुवातीला फेसाळ पांढरट डिझेल येतं, मग बुडबुडे येतात, मग स्वच्छ धार लागली की प्रायमर दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळायचा (सोडून आवळला तर परत हवा ओढतो, ही चूक सगळेच एकदा करतात). मग पंपावरचा स्क्रू तसाच. तरी चालू झाला नाही तर नोझलवरचे पाईपाचे नट ढिले करून स्टार्टर मारायचा, डिझेल उडायला लागलं की आवळायचे. कॉमन रेलच्या इंजिनाला (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ते) मात्र हे नट चालू इंजिनात किंवा स्टार्टर मारताना चुकूनही ढिले करायचे नाहीत, तिथला दाब हजार बारच्या वर जातो. भारतात ५० एचपीच्या वरच्या नवीन ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर त्या वर्गात अशी इंजिनं आली, छोट्यांमध्ये अजून मेकॅनिकल पंपच जास्त.

हायड्रॉलिकचं गणितही ओढीच्या बाजूचंच. तेल कमी, स्ट्रेनर (तेल गाळायची जाळी) चोंदलेला किंवा सक्शन पाईपाचा ओ-रिंग कडक झालेला असला की पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि लिफ्ट हिसके देत उचलते. डिपस्टिक काढून तेलाचा रंग बघा, फेस असेल तर हवा, दुधाळ चहासारखं असेल तर पाणी. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्सचं आणि लिफ्टचं तेल एकच, त्यामुळे गिअरचा चुरा, पावसाळ्यात शिरलेलं पाणी, सगळं लिफ्टपर्यंत जातं. सकाळी थंड असताना उचलत नाही आणि नंतर उचलतो, तर स्ट्रेनर किंवा जाड तेल. सकाळी उचलतो आणि दुपारी तापल्यावर ढेपाळतो, तर मात्र पंप झिजलेला असू शकतो. उचलतो नीट पण इंजिन बंद केल्यावर रोटाव्हेटर थोड्या वेळात खाली बसतो, तर पंपाचा काहीच दोष नाही, तेल सिलिंडरच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून सुटतंय.

हॅरी फर्ग्युसनच्या पद्धतीच्या लिफ्टमध्ये (१९४६ ला आलेल्या त्याच्या टीई-२० ट्रॅक्टरमध्ये हीच होती, जुन्या मॅसी फर्ग्युसनमध्येही तीच) कंट्रोल व्हॉल्व्हच पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो आणि पंप पीटीओ शाफ्टवर (मागची अवजारं फिरवणारा दांडा) फिरतो. म्हणून त्यांचा पीटीओ लिव्हर टाकलेला नसेल तर लिफ्ट हलतच नाही, हे माहीत नसल्याने सेकंडहँड ट्रॅक्टर घेणारे पहिल्याच दिवशी घाबरतात.

डोझरला पातं एकदम खाली सोडलं की ते स्वतःच्या वजनाने पंपापेक्षा जोरात पडतं, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि ती भरेपर्यंत पातं जमिनीत दाब देत नाही. एवढा क्षणभराचा थांबा चालतो, पण दर वेळी दोन-तीन सेकंद लागत असतील तर टाकीतलं तेल आणि सक्शन बघा.

पातं किंवा अवजार वर असताना खाली ओंडका लावल्याशिवाय हात घालू नका, आणि लिकेज शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. पाईपाच्या बारीक भोकातून सुटलेली धार दिसत नाही, कातडी फोडून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच खूण असते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण तेल आत पसरत जातं आणि काही तासांत हात सुजतो. तसं झालं तर हळद-मलम न लावता तडक सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं आणि आत दाबाचं तेल गेलंय हे स्पष्ट सांगायचं, नाहीतर साधी जखम समजून पट्टी बांधून घरी पाठवतात.