खिशातल्या मोबाइलवरून किरणोत्सर्गाची मात्रा कशी मोजतात

किरणोत्सर्गाच्या अपघाताच्या वेळी अंगावर मात्रामापक बॅज नव्हता, अशांसाठी आमच्या प्रयोगशाळेतली ही तपासणी आहे. मळमळ, उलट्या किंवा कातडी लाल झाली असेल तर आधी रुग्णालय गाठा, फोनचे नंतर पाहू.

फोनच्या सर्किट बोर्डवरचे बारीक रेझिस्टर (विजेचा प्रवाह रोखणारे भाग) अॅल्युमिना या सिरॅमिकवर बनवलेले असतात. गॅमा किंवा क्ष-किरण लागले की त्यात काही इलेक्ट्रॉन अडकून पडतात. निळा प्रकाश टाकला की ते सुटतात आणि मंद चमक दिसते. ती मोजून झाली की त्याच रेझिस्टरना ठरावीक मात्रा देऊन पुन्हा चमक मोजतो आणि दोन्ही आकडे ताडून पाहतो.

हे इलेक्ट्रॉन आपोआपही सुटत राहतात, आणि पहिल्या काही दिवसांतच सिग्नल, म्हणजे ही चमक, बराच घटतो. ही घट हिशेबात धरायला घटनेची तारीख आणि वेळ लागते, म्हणून ती नक्की आठवून लिहा.

फोन बंद करा, काळ्या कागदात गुंडाळा, उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. तो खोलू मात्र अजिबात नका: रेझिस्टरवर उजेड पडला की सिग्नल पुसला जातो. आम्हीही तो अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखालीच उघडतो. किरणोत्सर्गी धूळ बसल्याची शंका असेल तर पुसत बसू नका; प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आधी कळवा. तपासणीनंतर फोन वापरण्याजोगा राहत नाही.

फोन कोणत्या खिशात होता आणि किरणांचा स्रोत कोणत्या बाजूला, हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी धातूचा तुकडा मागच्या खिशात आणि फोन शर्टाच्या खिशात असेल, तर फोनवरची मात्रा कमी दिसेल, पण मांडीची कातडी भाजलेली असू शकते. स्रोताचे नावही द्या, कारण कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना अॅल्युमिना शरीरापेक्षा जास्त प्रतिसाद देते. संपूर्ण शरीराच्या अंदाजासाठी डॉक्टर रक्तातील गुणसूत्रांची तपासणी सांगतील. ती टाळू नका.

काही मिलिग्रे (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) इतकी लहान मात्रा या पद्धतीने सांगता येत नाही. डिस्प्लेची काचही तपासतो, पण तिच्यात नवेपणापासूनच थोडा सिग्नल असतो. त्याच मॉडेलचा, घटनेपासून दूर राहिलेला फोन मिळाला तर सोबत द्या, म्हणजे तो भाग वजा करता येईल.