हात वर न करणाऱ्यांचं मत

पालकसभा संपत आली होती. बाहेर जूनचा पाऊस, आत पंख्यांचा खडखडाट, आणि लोकल गाठायची म्हणून प्रत्येकाला घाई. तेवढ्यात व्यासपीठावरून विचारणा झाली, "यंदापासून परिपाठात रोज वंदना घेणार आहोत. कुणाची हरकत असेल तर हात वर करा." एकही हात वर झाला नाही. इतिवृत्तात नोंद झाली, 'एकमताने मंजूर'.

खाली फाटकापाशी छत्री उघडताना माझ्या शेजारी बसलेल्या ताई हळूच म्हणाल्या, "मला नको होतं खरं तर. पण लेकीची अजून सहा वर्षं जायचीत इथे. उगाच कशाला डोळ्यावर यायचं?" हात मीही वर केला नव्हता, पण मला वंदना चालणार होती म्हणून. आम्हा दोघांच्या गप्प बसण्याची कारणं अगदी वेगळी होती. इतिवृत्तात मात्र दोघंही एकाच ओळीत बसलो. लोकांचं मत मोजायचं कसं, हा माझ्या आवडीचा विषय. पण त्याची निकड मला त्या फाटकापाशी जाणवली तशी आधी कधी जाणवली नव्हती.

अशा शांततेचा अभ्यास फार जुना आहे. रिचर्ड शँक या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावात मुक्काम ठोकला आणि १९३२ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. गावातले चर्चला जाणारे लोक चारचौघांत पत्ते खेळणं हे पाप म्हणायचे. ओळख वाढल्यावर त्यांतलेच काही जण खिडक्यांचे पडदे ओढून त्याच्याबरोबर पत्ते खेळायला बसू लागले. गाव कडक आहे असं प्रत्येकाला वाटत होतं आणि आपण तेवढे वेगळे. शेजारच्या घरातही पडदे ओढलेले असतील, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. आमच्या सभागृहात ताईंसारखे आणखी किती जण होते? कदाचित चार, कदाचित चाळीस. हात वर करायला सांगून हे कळणारच नव्हतं.

आणि हे कळणं आपल्याकडे कायद्यानेच गरजेचं आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासना होत असेल, तर त्यात भाग घ्यायला किंवा हजर राहायला कुणावर सक्ती करता येत नाही. संमती लागते, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं गेलं, तेव्हा १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. नाशिकमधल्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. त्याच्यावर तशी सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. म्हणजे सगळा डोलारा 'संमती' या एका शब्दावर उभा आहे, आणि ती संमती आपण घाईघाईत, सगळ्यांच्या देखत मागतो.

मग विचारायचं कसं? शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्याला घरातूनच ठाऊक असतं, आणि नमुना पाहणीचं शास्त्र म्हणजे नेमकं तेच. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सोडतीसारख्या, निवडलेल्या सुमारे १,००० माणसांना विचारलं, तर उत्तर साधारण तीन टक्के इकडेतिकडे धरून खऱ्याच्या जवळ येतं. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख होती. तरी नमुना तेवढाच पुरतो. पातेलं केवढं आहे याला फारसं महत्त्व नाही, भात नीट ढवळलाय की नाही याला आहे. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या. एकाच माध्यमाच्या दारात उभं राहून हजार पालकांना विचारलं, तर वरवरचंच शीत उचललं जाईल. व्हॉट्सॲपवरच्या पोलचं दुखणंही हेच: ज्यांना बोलायची हौस आहे तेच बोट दाबतात. अमेरिकेत १९३६ च्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रं धाडली आणि त्यांतली वीस लाखांहून जास्त परत आली. तरी त्यांचा अंदाज सपशेल आपटला. नावं मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेली होती, आणि पत्र परत धाडणारेही मुळात वेगळे होते.

पण माणसं नीट निवडली तरी प्रश्न उरतोच, आणि खरी गोम तिथेच आहे. अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधल्या प्रार्थनेवर तिथे साठ वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने इंग्रजीत जेमतेम २२ शब्दांची, कुठल्याही पंथाची नसलेली प्रार्थना लिहून दिली होती. १९६२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तीही घटनाबाह्य ठरवली. लोकांना तो निकाल रुचला नाही. गॅलप या जनमत पाहण्या घेणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या पाहण्यांत वर्गात रोज प्रार्थना असू द्यावी म्हणणारे १९९९ मध्ये ७० टक्के होते, २०१४ मध्ये ६१ टक्के. एवढं वाचलं की वाटतं, लोकांना प्रार्थना हवी आहे, विषय संपला. पण २००५ मध्ये गॅलपने पर्याय समोर ठेवून विचारलं: मोठ्याने म्हटलेली प्रार्थना हवी, की ज्याने त्याने मनात काय ते म्हणावं असा शांततेचा एक क्षण? ६९ टक्क्यांनी शांतता निवडली, २३ टक्क्यांनी मोठ्याने प्रार्थना. 'असू द्यावी का' म्हटल्यावर माणूस परवानगी देतो. 'यातलं काय हवं' म्हटल्यावर तो निवड करतो. आमच्या सभेत तर या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. होती ती फक्त हरकतीची विचारणा.

शिवाय 'प्रार्थना' हा शब्द ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे सरस्वतीवंदना येते, कुणाच्या कॉन्व्हेंटमधली सकाळ, तर कुणाच्या देवाचं नावही न घेता माणुसकी शिकवणारं गाणं. तिघंही 'हो' म्हणतील आणि तिघांचा 'हो' वेगळा असेल.

राहिली ताईंची भीती. तिच्यावरचा उपाय मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकाने १९६५ मध्ये त्याची मूळ कल्पना मांडली. तिचं सोपं रूप असं. प्रत्येक पालकाने एक रुपयाचं नाणं कुणाला न दाखवता उडवायचं. छापा आला तर डोळे मिटून 'हरकत आहे' असं लिहायचं. काटा आला तर मनातलं खरं लिहायचं. आता कुणाचीही चिठ्ठी उघडली तरी हरकत त्या माणसाची की नाण्याची, हे मुख्याध्यापकांनाही सांगता येणार नाही. पण एकूण बेरीज बोलते. समजा, २०० चिठ्ठ्यांत १३० वेळा 'हरकत आहे' आलं. त्यांतली साधारण १०० नाण्याची. उरलेल्या १०० जणांतल्या ३० जणांनी ते मनापासून लिहिलं, म्हणजे ३० टक्के. नाणं बरोबर शंभर वेळा छापा देईलच असं नाही, त्यामुळे एवढ्या चिठ्ठ्यांत हा आकडा सुमारे १३ टक्के वरखाली सरकू शकतो. तरीही 'एकमताने' या शब्दापेक्षा तो कितीतरी खरा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुढची सभा आहे. मी चिठ्ठीचा मजकूर तयार केला: परिपाठात रोज मोठ्याने वंदना, दोन मिनिटं शांतता, की राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि उद्देशिका एवढंच? खाली वेगळा प्रश्न हरकतीचा, त्याला नाण्याची युक्ती. ताईंना वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे मी सवयीने पाल्याचं नाव आणि हजेरी क्रमांकाचा रकाना ठेवला होता.

तो काढून टाकलाय.